वाकळंखालचा आवाज

त्या सांजच्याला आमच्या वसरीत कोण कोण व्हतं ते आधी सांगते. मी व्हते. माही थोरली जाऊ व्हती, तिचं घर आमच्या भिंतीला लागूनच हाय. आठवीतली नात व्हती अन तिच्या कडंवर तिचा धाकटा भाऊ, तीन वर्साचा. जावंची दोन नातवंडं व्हती. खुट्याला शेळी व्हती. ल्योक अन सून नव्हते. ते दोघं दसरा झाला की ऊस तोडायला गेल्ते, लय लांब, कारखान्याच्या भागात. पण सुनंला मी त्यात धरते. कारण त्या सांजच्याला ती बी आल्ती. फोनातून आल्ती.

नातीनं फोन मधी ठिवला. आधी नुसती खसखस आयकू आली. मंग बैलाच्या गळ्यातली घाटी. अन मंग लय हळू, माठात तोंड घालून कुणी बोलावं तसं, सून म्हणली, "आयकू यायलंय का रे?"

नातू कडंवरून खाली उतरला अन फोनाजवळ जाऊन बसला.

"आगं, फोन करायला काय झालं हिला?" जाऊ म्हणली. "भाषण कामून धाडलंय?"

नातीनं सांगितलं, उसाच्या फडात रेंज न्हाई. मम्मी कोपीत बसून बोलून ठिवती. दुसऱ्या दिशी उसाची गाडी डांबरी सडकंला लागली की रेंज येती, तव्हा ते आपल्याकडं येतं. अन कोपी म्हंजी काय, उसाच्या वाळल्या पाल्याची, पाचटाची झोपडी. धा कोप्या शेजारी शेजारी, एकीत खोकललं तर धाव्वीत आयकू जातं. म्हणून ती अंगावर वाकळ घिऊन आत बोलायची. ती वाकळ माह्या हाताची. माह्या दोन जुन्या लुगड्यांची अन मालकाच्या धोतराची. मालक गेले त्या वर्सी शिवली व्हती.

सून त्या दिशी काय बोलली ते मला आजून ध्यानात हाय. म्हणली, "आज फडात तितराची अंडी सापडली. पप्पाला दिसली. पप्पानं तेवढा ऊस उभाच ठिवलाय. मुकादम म्हणला, ह्यो ऊस काय पूजेला ठिवला का? पप्पा म्हणले, हाव, पूजेलाच. आता उद्या बगू, तितरीन माघारी येती का न्हाई. जेवलास का रे? आजीला तरास देऊ नको."

बस, येवढंच. पण लेकरं काय उठायला तयार न्हाईत. "पुन्हा लाव, पुन्हा लाव." जावंचा नातू त्याच्या आजीला म्हणला, "आपल्या मम्मीला सांग की बोलायला." त्याचे माय-बाप बी तोडीलाच गेल्ते. आमच्या गल्लीत दसऱ्यानंतर म्हातारी माणसं अन लेकरंच राहत्यात. कुत्री बी सुस्त व्हत्यात.

दुसऱ्या दिशी दिवस बुडायला लेकरं वसरीत हजर. तिसऱ्या दिशी आणखी आली. तितरीन माघारी आली का, ह्या घोरानं मलाच झोप लागंना. आली. पाचव्या का सहाव्या दिशी अंडी फुटली. पिल्लं मायमागं चालत दुसऱ्या फडात गेली तव्हा मुकादमानं तो ऊस तोडून घेतला. सून म्हणली, "मुकादम म्हणला, झाली का पूजा?" लेकरं खदखदा हासली. मी बी हासले. जाऊ त्वांडाला पदर लावून हासली. ती सुनंवर कव्हा हासत नसती.

तितं कोप्यांतल्या बाया सुनंला म्हणायल्या, आमच्या लेकरांला बी बोल की. आमाला असं येत न्हाई. मंग ती समद्यांच्या लेकरांला बोलाया लागली. एकेकाला कुठवर धाडणार, म्हणून तिनं ते अशा जागी टाकलं की ज्याला पाह्यजे त्यानं आपल्या फोनात काढून आयकावं. त्याला पॉडकास्ट म्हणत्यात. मला आधी वाटलं, ह्यात पैसे लागत असतील. नात म्हणली, "आजी, काय लागत न्हाई. बोलायला पाह्यजे फकस्त."

सून शिकलेली हाय. लगीन व्हायच्या आधी तिनं मास्तरीण व्हायचं शिक्षण पुरं केल्तं. मी लग्नात समद्यांला सांगितलं व्हतं, आमची सून मास्तरीण होणार. मंग जागाच निघंनात. निघाल्या तर तिचा नंबर लागंना. थोरली नात झाली, मंग येक लेकरू गेलं, मंग ह्यो झाला. रान आमचं येवढुसं, त्यात वर्स निघत न्हाई. येक दिशी तिनं पुस्तकं पत्र्याच्या पेटीत ठिवली अन ल्योकासंगं गेली. जाताना मला म्हणली, "आत्या, पेटीवर काय ठिवू नका, झाकण दबतंय." येवढंच बोलली. मी आजून त्या पेटीवर काय ठिवत न्हाई.

पाडव्याच्या वक्ताला दोघं माघारी आले. टेम्पोतून उतरले ते दुपारच्याला. सून काळी पडली व्हती. हातावर पाचटाच्या रेघा. तिनं दारातूनच हात पुढं केले.

नातू माह्या मागं लपला.

"आरं, मम्मी हाय," मी म्हणले.

त्यानं तिच्याकडं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं. अन म्हणला, "मम्मी फोनात हाय."

फोन घेतला अन कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला लावता येत नव्हता, पण कानाला धरून बसला.

ल्योक भाईर गेला. जाऊ काय तरी बोलणार व्हती, मी हातानं थांबवलं. सून काय रडली न्हाई. ती टेम्पोतल्या गाठोड्याकडं गेली, वाकळ काढली. धुरानं काळी अन उसाच्या रसानं चिकट झाल्ती. ती घिऊन कोपऱ्यात गेली, त्याच्या शेजारी बसली अन दोघांच्या बी डोक्यावरून वाकळ वढून घेतली. आमाला नुसता ढिगारा दिसायला. त्या ढिगाऱ्यातून लय हळू आवाज आला, "आयकू यायलंय का रे?"

वाकळ हालली. मंग आतून पोरगं म्हणलं, "मम्मी, तितरीन कुठं गेली?"

मी चुलीकडं गेले. भाकरी टाकायच्या व्हत्या.

आठ-धा दिसांनी आमी दोघी नदीला धुणं धुयाला गेल्तो. सून दगडावर कपडा आपटत म्हणली, "आत्या, आवंदा मी जाणार न्हाई."

"मंग खाशील काय?"

"म्हाईत न्हाई. पण पुन्हा त्यानं मला असं पाह्यलं तर मी जगणार न्हाई."

ती असं कव्हा बोलत नसती. म्हणून मी पिळा मारायला तिला लुगड्याचं दुसरं टोक दिलं.

पूर्ण उन्हाळा ती बोलत राह्यली. दुपारी समदे निजले की वाकळ घ्यायची अन बोलायचं. उन्हाळ्यात वाकळ! घामानं भिजून भाईर यायची. जाऊ म्हणायची, "आमच्या सुना खुरपायला जात्यात, ह्यांच्या सुनंला उन्हात थंडी वाजती." सून म्हणायची, "थोरल्या आत्या, तुमी बी या आत, जागा हाय." जाऊ चिडायची अन सांजच्याला येऊन आयकायची. कव्हा सून हिशेब शिकवायची, कव्हा गोष्ट सांगायची. बैल निळ्या बादलीतलं पाणी का पीत न्हाई, असं इचारायची अन उत्तर दुसऱ्या दिशी द्यायची. लेकरं रातभर भांडायची.

येक दिशी परभणीहून फोन आला. कुणी बाई बोलत व्हती. त्यांची संस्था हाय. ज्यांचे माय-बाप कामाला भाईर जात्यात अशा लेकरांसाठी ते गोष्टी अन धडे बोलून ठिवत्यात. म्हणली, तुमचं लय दिसापासून आयकायलोय. आमच्याकडं कामाला याल का? पण आधी येकदा इकडं येऊन बोलून दाखवा. आमच्या वरच्या लोकांला आयकायचंय.

सुनंनं फोन ठिवला अन मला म्हणली, "आत्या, कुणी चेष्टा करायलंय का?"

"चेष्टा करणारा इतकं नीट बोलत नसतो," मी म्हणले.

मी दुसऱ्या दिशी सकाळी उठून पहिले काय केलं, तर वाकळ धुतली. मनात म्हणलं, हापिसात जायचं, शिकली-सवरली लोकं असणार, अन हिनं वाकळ काढली तर धुराचा वास. सोडा टाकून, काठीनं बडवून अशी धुतली की लुगड्याची फुलं दिसायला लागली. अन वाळायला टाकली तर आभाळ आलं. ज्यानं वाकळ धुतलीय त्यालाच म्हाईत, ती कोरडी अन वली यांत माणसायेवढा फरक असतो. दोघींनी धरून पिळली तरी खाली पाणी गळायचं. सून पाहून म्हणली, "आत्या, ह्ये काय केलंत? उद्या जायचंय."

"वारा लागंल तर वाळंल."

"कुठं वारा लागंल?"

वारा गाडीत लागला. चुडाव्याच्या टेसनावरून आमी सकाळची गाडी धरली. डबा मोकळा व्हता. मी वाकळ दोन खिडक्यांला बांधली, इकडून तिकडं. समोरचा येक पागोटेवाला म्हातारा म्हणला, "मावशी, रेल्वेला पडदा लावायला का?"

"तुमाला ऊन लागू न्हाई म्हणून," मी म्हणले.

"मंग जरा इकडं बी वढा."

पूर्णेला गाडी लय वेळ थांबली. वारा बंद. सून खिडकीतून भाईर पाहत बसली व्हती, व्हट हालायले तिचे. पाठ करायली व्हती. मी म्हणले, "पाठ कशाला करायलीस? रोज पाठ करून बोलतीस का?" ती म्हणली, "रोज मला कुणी पाहत नसतं, आत्या." पुढं परभणी यिऊस्तोर वाकळ वरून वाळली, आतून तशीच.

त्या हापिसात येक खोली व्हती. भिंतीला समदीकडून गादीसारखं मऊ लावलेलं. मधी काच. काचंच्या इकडं आमी बसलो, मी, फोन करणारी बाई, अन दोन माणसं. येक पोरगी मशिनीपुढं कानाला आयकायचं लावून बसली. सून येकटी आत.

ती बोलली. पण ती माही सून नव्हती. शाळंत साहेब आल्यावर लेकरू उभं राहून बोलतं तशी बोलली. येक शब्द, दम, दुसरा शब्द. मशिनीवरल्या पोरीनं मान हालवली. फोन करणारी बाई लय गोड व्हती, ती म्हणली, "ताई, तुमी फोनवर बोलता ना, तसं बोला." सून पुन्हा बोलली. आणखी वाईट झालं. दोघा माणसांपैकी येकानं घड्याळात पाह्यलं. मी ते पाह्यलं, अन सुनंनं बी काचंतून ते पाह्यलं.

ती उठून भाईर आली. मला वाटलं, आता चला म्हणती. तिनं माह्यापुढं हात केला. "आत्या, वाकळ द्या."

"वली हाय गं आतून."

"असू द्या."

ती आत गेली. खुर्ची बाजूला सारली, खाली बसली, त्वांडापुढचा माइक हातानं खाली वढला अन डोक्यावरून वाकळ घेतली. काचंतून नुसता ढिगारा. मशिनीवरली पोरगी फिसकन हासली. मी पाय दाबून बसले व्हते.

"आयकू यायलंय का रे?"

मंग ती बोलली. आमच्या गाडीचंच बोलली. येका म्हातारीनं रेल्वेला पडदा कसा बांधला, अन पागोटेवाला काय म्हणला. हासणारी पोरगी हासायची थांबली. तिनं कानाला लावलेलं दोन्ही हातांनी दाबून धरलं. घड्याळ पाहणारा माणूस पागोटेवाल्यावर मोठ्यानं हासला अन मंग त्वांडावर हात ठिवला. सून भाईर आली तर केस चिकटलेले, नाकावर लुगड्याचा रंग लागलेला.

त्यांनी तिला काम दिलं. दसऱ्यापासून. आधी सहा म्हयने, मंग पुढचं पाहू म्हणले.

दसऱ्यापासून. अन तोडीचा हंगाम बी तव्हाच.

ज्यांला तोडीचं म्हाईत न्हाई त्यांला सांगते. ऊसतोडीत माणूस मोजत नसत्यात, कोयता मोजत्यात. नवरा-बायको मिळून येक कोयता. नवरा तोडतो, बायको पाचट काढती, मोळ्या बांधती, गाडी भरू लागती. येकला माणूस म्हंजी अर्धा कोयता, अन अर्ध्या कोयत्याला कुणी इचारत न्हाई. ल्योकानं आगाऊ पैशाची उचल घेतली नव्हती, पण मुकादमाला शब्द दिल्ता. गाडी-बैल तयार व्हते.

मुकादम आला तव्हा आमी समदे घरातच व्हतो. सुनंनं च्या केला. ल्योकानं खाली पाहत सांगितलं, ही येणार न्हाई.

मुकादम म्हणला, "मंग काय तू बैलासंगं जोडी लावतूस का?"

सुनंनं कपाट धरलेलं. मी पाह्यलं, तिचं त्वांड व्हाय म्हणायला तयार व्हायलंय. तिनं व्हाय म्हणलं असतं तर समदं तितंच संपलं असतं.

"मी येते," मी म्हणले.

"मावशी, तुमचे गुडघे?"

"ते बी घिऊन येते."

मुकादम हासला. "न्हाई मावशी, काम हाय ते. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरून गाडीत चढणं व्हईल का?"

"चढायला ह्यो हाय. बांधायला मी हाय. तुह्या बापाच्या टोळीत तोडलंय मी, तू तव्हा कोपीत झोळीत रडायचास. तुला झोके बी मी दिलेत."

तो च्या पिऊ लागला.

सून म्हणली, "आत्या, तुमी उन्हात जाणार अन मी गादीच्या खोलीत बसून बोलणार? लोक थुकतील माह्या त्वांडावर."

"लोकांला थुकायला फुरसत कुठं हाय. ते बी तोडीलाच गेलेले असत्यात." मंग मी ल्योकाकडं पाह्यलं. ह्ये मी त्याला कव्हाच सांगितलं नव्हतं, पण त्या दिशी त्वांडातून गेलं. "ह्यानं बी मला वळखलं नव्हतं. मी हंगामाहून आले तर दोन दिस चुलतीच्या पदराला धरून हिंडला. तव्हा तर फोन बी नव्हता. मी येकदा पाह्यलंय ते. ह्या घरात पुन्हा पाहणार न्हाई."

चुलती म्हंजी माही जाऊच. ती दारात उभी व्हती. ती म्हणली, "तिसऱ्या दिशी मीच त्याला चापट मारून हिच्याकडं ढकलला." अन डोळे पुसायली.

ल्योक उठला अन बैलांला पाणी दाखवायला गेला. बैल पाणी पिऊन बसले व्हते.

तर मी गेले. उगं मोठेपणा सांगत न्हाई. पहिले आठ दिस सकाळी उठून उभं राह्यला भिंत लागायची, अन कोपीला भिंत नसती, मंग ल्योक हात द्यायचा. पाचटानं हात चिरले, मंग निबर झाले. ल्योक माह्या वाटच्या बी मोळ्या बांधायचा अन मुकादम तिकडं पाहत नव्हता. येवढ्या वर्सांत मायलेकरांचं येवढं बोलणं कव्हा झालं नव्हतं. तो मला फडात म्हणायचा, "माय, तू बस, नुसती बोल." मी म्हणायचे, "बोलायचं काम तुह्या बायकोचं."

सून आता रोज सकाळी गाडीनं परभणीला जाती अन दिवस बुडायच्या आत घरी येती. तिच्यासाठी त्या लोकांनी नवीन वाकळ घेतली व्हती दुकानातून. तिनं ती घडी करून खाली बसायला घेतली अन डोक्यावर माहीच घेती. तिच्याकडून आता त्यांनी पुस्तकातले धडे बी बोलून घेतलेत. किती तरी फडांवर लेकरं तिचे धडे आयकायलीत. पत्र्याची पेटी उघडी हाय, नातीनं सांगितलं. पुढल्या सालाचं काम बी पक्कं झालंय. ल्योकाचं पुढल्या साली काय, ते पुढल्या साली बगू.

मला तिचं बोलणं फडात आयकायला मिळत न्हाई. गाडी भरली की मी ल्योकासंगं वर चढून बसते. बैल सडकंला लागले की रेंज येती अन फोन वाजतो. मी कानाला लावते. परवा सून घरूनच बोलली, ते झाल्यावर वाकळंतच कुणी तरी धडपडलं अन बारीक आवाज आला, "आजी, जेवलीस का? आयकू यायलंय का गं?" त्याला ठाव न्हाई की ह्यातून मला बोलता येत न्हाई. मी तरी म्हणले, "आयकू यायलंय रे राजा."

तेवढ्यात मागून येका मोटारीनं हॉर्न दिला, लांबलचक. पुढचं काय म्हणला ते गेलं. पुन्हा लावावं तर रेंज गेली.

म्हणून वाचणाऱ्याला येक सांगणं हाय. सडकंला उसाची गाडी आडवी आली तर लगीच हॉर्न वाजवू नका. जरा दम धरा. बैल आपसूक बाजूला व्हत्यात. वर बसलेलं माणूस काय तरी आयकत असंल.